हिंगाच्या घरातला वास

बेगम बाजारात हिंगाचा धंदा करणाऱ्या माणसाला वासाबद्दल कुणी शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत होतं. खडा हिंग मी नुसता हुंगून घेतो. दुकान पुढे, घर मागे, भिंतींतसुद्धा हिंग मुरलाय. त्यामुळे दुपारी सिलिंडर बदलल्यावर भाग्यलक्ष्मी, म्हणजे आमची मंडळी, गॅसचा वास येतोय म्हणाली तेव्हा मी जागचा हललो नाही. हिंगाच्या घरात हिंगाचाच वास येणार, म्हटलं, अत्तराचा येईल का? ती बिचारी आपल्या कामाला लागली.

संध्याकाळी सूनबाई एक डबा घेऊन दुकानात आली. तन्वी पुण्याची. इथं गॅसगळती शोधायची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत आहे. डब्यात लेझर होता. हवेत गॅस असला तर लेझरच्या उजेडानं तो तापतो, अगदी बारीक आवाज करतो आणि आतला माइक तो ऐकतो, असं तिनं समजावलं. हिंगाच्या वासाला यंत्र फसतं का, ते तिला बघायचं होतं. गॅस काय बोलतो का बाई, म्हणून मी तिची फिरकी घेतली. तरी तिच्यासाठी कुटायचं मशीन बंद केलं, कारण त्याच्या धडधडीनं डबा बिथरत होता.

तिनं डबा हिंगाच्या उघड्या पिंपावर धरला. आकडा शून्य. मग घराच्या दारापाशी गेली आणि आकडा हलला. खाली वाकून तिनं डबा फरशीजवळ नेला, तसा तो चढतच गेला.

जरा सबर कर, म्हटलं, तो हिंगच आहे. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा, याला नाकच नाही. हिंग याला कळत नाही. हा फक्त गॅस ऐकतो."

गॅस जड, खाली बसतो, एवढं मलाही ठाऊक होतं. स्वयंपाकघराला लागून आमचं देवघर, एक पायरी खाली, खिडकी नाही. आणि ही दिवेलागणीची वेळ. भाग्यलक्ष्मी समईपुढे बसलेली असणार.

बटणांना हात लावू नका, असं तन्वी मागून सांगत होती. मी चपलांसकट आत धावलो. ती पाटावर बसली होती. समईत तेल घातलेलं, वात पुढे ओढलेली, एका हातात काडेपेटी, दुसऱ्यात काडी. मी तिचं मनगट धरून पिरगाळलंच. काडी न पेटता फरशीवर पडली. तिला ओढत मागच्या अंगणात आणलं. तन्वीनं रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या. सिलिंडरच्या तोंडातला वायसर झिजलेला निघाला.

भाग्यलक्ष्मी मनगट चोळत होती. चपला घालून देवघरात शिरलो म्हणून आता बोलणार, असं मला वाटलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

"वास मला आत्ताही येत होता," ती म्हणाली. "पण तुम्ही हिंग म्हणालात ना. म्हणून काडी काढली."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. सुनेकडे बघवेना. घर पुरतं मोकळं झालं, डब्याचा आकडा शून्यावर आला, तेव्हा मी आत जाऊन समईतलं तेल बोटांवर घेऊन आलो आणि भाग्यलक्ष्मीच्या मनगटाला लावत बसलो.

"यापुढे वास आला," मी म्हटलं, "तर मला विचारू नकोस."