दहा दसऱ्यांचं हळदकुंकू

कॉम्प्युटर फोडायचा म्हटल्यावर महादेवरावांनी कानांना हात लावले. "शिव शिव! दहा दसरे पूजा केली आपण याची. हळदकुंकू लावलेल्या यंत्राले कोणी भोकं पाडते काय, जागृतीबाई?"

हिंगणघाटच्या त्या महिला समुपदेशन केंद्राचे ते सचिव. माणूस देवभोळा, गोड बोलणारा. अशा माणसाशी भांडायची सोय नसते, हीच तर पंचाईत. दसऱ्याला जागृती नागपूरला दीक्षाभूमीवर असायची. पूजा व्हायची ती तिच्या माघारी. बाकी दहा वर्षं त्या डबड्यासमोर बसून बायकांचे जबाब टाइप करत होती तीच. नवरा कुठं मारतो, सासरा काय बोलतो, कोणाचं पोट कोणी पाडलं, सारं त्यात. दार लावायची, पाण्याचा ग्लास पुढे करायची आणि म्हणायची, "बोल बाई, हे या खोलीबाहेर जाणार नाई." नवे कॉम्प्युटर आले तेव्हा ती भावाची ड्रिल मशीन पिशवीत घालून आली होती. हार्डडिस्क काढायची, चार भोकं पाडायची, झालं.

"मी डिलीट मारलं न सारं," महादेवराव म्हणाले. "वडनेरच्या भूपेंद्रशेठले दुकानासाठी देऊन टाकू. दान होईल. तुमी फक्त या कागदावर सही करा."

कागदावर 'माहिती कायमची नष्ट केली' असं लिहिलं होतं. डिलीट म्हणजे नष्ट नव्हे, हे जागृतीला पक्कं ठाऊक होतं. पण दसरा तोंडावर, म्हाताऱ्याचं तोंड एवढंसं झालेलं, आणि या नोकरीवर तिला लावलेलंही त्यांनीच. केली सही. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथं भीक मात्र दुसरीच्याच पदरात पडली.

संक्रांतीच्या सुमारास भूपेंद्रशेठच्या हातून त्या कॉम्प्युटरवरची दुकानाची बिलं पुसली गेली. ती परत काढायला त्यानं नागपूरहून माणूस आणला. बिलं तर आलीच, त्यांच्यामागून अकराशे बायकांचे जबाबही वर आले. शेठनं गंमत म्हणून गावातल्या चार-पाच जणींचे दोस्तांना पाठवले. गंमत म्हणे! जळो मेली ती गंमत. आठवडाभरात त्यातला एक तानबाच्या मोबाइलवर पोचला. तो त्याच्याच बायकोचा, सुलोचनाबाईचा होता.

सोमवारी सुलोचनाबाई केंद्रात आली. डावा हात गळ्यात बांधलेला. तानबा बाहेरच्या बाकावर महादेवरावांनी दिलेला चहा फुंकत बसला. जागृती सवयीनं दार लावायला उठली.

"राहू द्या उघडं, ताई. आता काय झाकाचं राह्यलं?"

जागृतीनं दार तसंच सोडलं. "हाताले काय झालं?"

"पडली मी. तुमी लिहा. मले घरी काई तरास नाई. आंधी सांगतलं ते रागात सांगतलं, खोटं सांगतलं."

जागृतीनं शब्दन् शब्द लिहिला. सुलोचनाबाईनं खाली सही केली. सही करायला ती याच केंद्रात शिकली होती, जागृतीनंच शिकवली होती.

"चला, समेट झाला! देवाची कृपा," बाहेरून महादेवराव म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

जागृतीला राहवेना. "सुलोचनाबाई, हे माह्यामुळं झालं. खोट्या कागदावर मी सही केली. सारं मालूम असून केली."

सुलोचनाबाईनं पेन टेबलावर ठेवलं आणि पदर सावरला.

"मंग? मीबी आता तेच केलं न, ताई."