पांढरा ठिपका

माझ्या दादाने जोडलेलं हेड उघडायचं नसतं. हा नियम कुठेही लिहिलेला नाही, पण रिमोटवरची हेलिकॉप्टरं घेऊन दर रविवारी मैदानावर जमणारे आम्ही आठ जण तो इमानेइतबारे पाळतो. हेड म्हणजे हेलिकॉप्टरच्या माथ्यावरचा तो भाग, ज्यात दोन्ही पाती बसतात आणि जिथे दोन बोटांच्या जागेत बेअरिंगं, चकत्या, स्क्रू असं अख्खं बिऱ्हाड नांदत असतं. ते सगळ्यांना दादाच जोडून देतो. शेवटचा स्क्रू आवळला की वहिनीच्या पांढऱ्या नेलपॉलिशचा एक ठिपका त्यावर ठेवतो. ठिपका पडला की विषय संपला. तो खरवडणं म्हणजे दादाच्या तोंडावर त्याला अडाणी म्हणणं. मंडळी त्याला सर्जन म्हणतात आणि तोही खुशाल म्हणवून घेतो.

या सर्जनच्या हाताखालून गेलेली सातही हेलिकॉप्टरं हवेत थरथरायची. त्यावर मंडळींनी काय काय करून पाहिलं नाही. मास्तरांनी शेपटीचा सगळा भाग तीनदा बदलला. औषधवाले काका दुकानातल्या काट्यावर दोन्ही पाती तोलून बघायचे आणि जड पात्याला हलक्याइतकं घासायचे. मग हलकं पातं जड व्हायचं, की पुन्हा घासायचे. फोटोग्राफरने सगळा दोष वाऱ्याला दिला आणि वारा नसला की जमिनीला दिला. हेड तेवढं कुणी उघडलं नाही, कारण त्यावर ठिपका होता. आजारी माणसाचं सगळं अंग तपासायचं आणि पोट मात्र झाकून ठेवायचं, असा तो सगळा प्रकार होता.

दादा प्रत्येकाला वेगळं निदान द्यायचा. माझ्या वाट्याला आलेलं निदान सगळ्यांत स्वस्त होतं. तो म्हणाला, माझे अंगठे थरथरतात. रिमोटच्या दांडीवर अंगठा थरथरला की हेलिकॉप्टर थरथरणारच. पुरावा म्हणून तो स्वतःचं हेलिकॉप्टर उडवून दाखवायचा. ते हवेत असं उभं राहायचं की त्यावर कप ठेवावा. हेड जोडणारा तोच, मग फरक असणार तो उडवणाऱ्यात, असं त्याचं म्हणणं. सगळे माना डोलवायचे. मीही डोलवली, ही खरी लाजेची गोष्ट.

कारण मी दातांच्या डॉक्टरांची ड्रिलं दुरुस्त करते. वीस वर्षं हेच करते आहे. त्यातली बेअरिंगं मसुराच्या डाळीएवढी असतात आणि मी ती चिमट्याने बसवते. तरी दादाने सहा महिने तेच तेच ऐकवल्यावर मला माझ्याच हातांचा संशय यायला लागला. कामावर कुणाचं लक्ष नसताना मी हात पुढे धरून त्यावर कागद ठेवायचे आणि तो हलतो का ते बघायचे. शेवटी मज्जातंतूंच्या डॉक्टरकडेही जाऊन आले. त्यांनी काही नाही म्हणून सांगितलं. दादा म्हणाला, डॉक्टरांना यातलं काय कळतं.

मग वर्षातून एकदा होणारी आमची प्रात्यक्षिकं येत्या रविवारवर आली. लोक बघायला येतात म्हणून दादाने उडवणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढलं आणि मला दोरीपाशी उभं राहून लोकांना मागे सारायचं काम दिलं. मी घरी येऊन रडले. रागाने रडले, पण रडले.

बुधवारी कामावर एक ड्रिल आलं. करकर आवाज करत होतं. मी नेहमीसारखं ते उघडायला घेतलं आणि हात थांबला. ड्रिल वाजतं म्हणून मी कधी त्या डॉक्टरचे हात तपासायला गेले नव्हते. आधी उघडून बघते, कुणीही तेच करेल. त्या दिवशी मी लवकर घरी गेले आणि माझ्या हेडवरचा पांढरा ठिपका ब्लेडने खरवडला.

आत दोन्ही पात्यांच्या मुळाशी एकेक खास बेअरिंग असतं. पातं गरगर फिरताना बाहेर निसटायला बघतं, त्याचा सगळा ओढा हे बेअरिंग सोसतं. त्यात दोन चकत्या असतात आणि मधे छर्रे. चकत्या दिसायला जुळ्या, पण एकीचं भोक केसभर मोठं. मोठ्या भोकाची आत जाते, लहान भोकाची बाहेर. दादाने दोन्हीकडे नेमक्या उलट बसवल्या होत्या. म्हणून पातं अडकत होतं आणि अडकलं की थरथरत होतं. दोन मिनिटांचं काम होतं. चकत्या पालटल्या, छर्ऱ्यांना ग्रीस लावलं आणि अंगणात उडवून पाहिलं. हेलिकॉप्टर निमूट उभं राहिलं.

दादाकडे गेले तर त्याचं पहिलं वाक्य होतं, "ठिपका खरवडलास?"

मी नव्या बेअरिंगच्या दोन चकत्या त्याच्यासमोर पातं ज्यावर बसतं त्या दांड्यावर चढवल्या. एक घट्ट बसली, दुसरी खुळखुळली. त्याने स्वतः घालून पाहिल्या. मग उलट्यासुलट्या करून पाहिल्या. मग खाली बसला.

"कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला. "मी एकेक करून बदलतो."

मी सांगितलं की त्या वेगात पातं सुटलं तर माणसाच्या मानेत घुसेल, आणि दोरीपाशी मी उभी असणार आहे. रविवारी कुणीही उडवायच्या आत सांगायचं, नाहीतर मी सांगेन. तो हो म्हणाला.

रविवारी त्याने सांगितलं खरं. लोक यायला दोन तास होते. दादाने सगळ्यांना टेबलापाशी गोळा केलं आणि जाहीर केलं, की सुरक्षेचा प्रश्न आहे, म्हणून आज तो सगळ्यांची हेडं जातीने पुन्हा तपासणार आहे. मास्तरांचे डोळे भरून आले. माणूस असावा तर असा, ते म्हणाले. फोटोग्राफरने टाळ्या वाजवल्या. मी दातओठ खात उभी होते, पण गप्प होते. माणसं वाचली, एवढं पुरे असं मनाला समजावत होते. तो दोन हेडं उघडून बसला तेव्हा मी बाजूला जाऊन माझं हेलिकॉप्टर उडवलं.

औषधवाले काका बघतच राहिले. अंगठे सुधारलेले दिसतात, असं त्यांनी कौतुकाने म्हटलं.

"मी तिचं हेड बघितलं ना," दादा मान वर न करता म्हणाला.

झालं. माझी तार सटकली. मी हेलिकॉप्टर उतरवलं, टेबलापाशी गेले आणि दादाचं हेलिकॉप्टर पुढ्यात ओढलं. त्याला काही झालेलं नाही, असं तो म्हणाला. मी म्हटलं, तेच तर सगळ्यांना दाखवायचंय. त्याच्या ठिपक्यावर ब्लेड फिरवलं, एका पात्याच्या दोन चकत्या काढल्या आणि शेजारी मास्तरांच्या हेडातल्या दोन काढून ठेवल्या. कुठली आत होती, कुठली बाहेर, तेही दाखवलं. काका जन्मभर गोळ्या मोजत आलेले, घाई त्यांना माहीतच नाही. त्यांनी चारही चकत्या शांतपणे दांड्यावर चढवून बघितल्या.

"सर्जन, आमचं उलटं आणि तुमचं तेवढं बरोबर, हे कसं?"

दादाने इकडेतिकडे पाहिलं. वहिनी लांब सावलीत बसली होती, तिनेही मान वर केली.

"माझं हेड कंपनीतून जोडूनच आलं होतं," तो म्हणाला. "मी फक्त ठिपका दिला."

मास्तर आपल्या तीनदा बदललेल्या शेपटीकडे बघत राहिले. मला वाटलं होतं, हे ऐकून जिंकल्यासारखं वाटेल. वाटलंच. मग मी बाह्या सरसावल्या आणि एकापाठोपाठ एक सहा हेडं सरळ केली. दादा मला स्क्रू देत होता, तेही मागितल्यावर. लोक आले तेव्हा सात हेलिकॉप्टरं हवेत होती. त्यातलं एक माझं होतं. आठवं टेबलावर उघडं पडलं होतं आणि दोरीपाशी दादा उभा होता.

परतताना गाडी त्यानेच चालवली. वहिनी मागे झोपली होती. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "तुझे अंगठे..." आणि थांबला.

"पुढे," मी म्हटलं.

"चांगले आहेत. कधीच थरथरत नव्हते."

मी म्हटलं, गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही. मला सगळं ऐकू आलं होतं. त्याने काच वर केली आणि पुन्हा म्हणाला.