उघड्या नळ्या

आकडे जरा जास्तच शहाण्यासारखे वागत होते.

एक नंबरच्या उंदराच्या रक्तात वायू सर्वांत कमी, दोनमध्ये किंचित जास्त, आणि असं चढत चढत सोळापर्यंत. पहिले आठ उंदीर ताणाच्या हार्मोनची इंजेक्शनं देऊन हृदय दुखावलेले, पुढचे आठ धडधाकट. सडक्या अंड्यांना ज्याचा वास येतो तो वायू रक्तातही अगदी थोडा असतो, रक्तवाहिन्या सैल ठेवतो. हृदय दुखावलं की तो घटतो, हा माझा प्रबंध. पण जिवंत प्राणी अशी उंचीप्रमाणे रांग लावत नाहीत.

"काकांनी बसल्या जागी मनानेच भरलेत," माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. रक्त काढणं आणि यंत्रावरचे आकडे उतरवणं, दोन्ही कामं प्रयोगशाळेतले मदतनीस असलेल्या काकांची. "संध्याकाळी त्यांना कामावरून काढल्याचं पत्र देते. खाली तुझीही सही लागेल."

संशय मलाही होताच. दुपारी नव्या तुकडीचं रक्त काढताना मी काकांच्या पाठीशी उभी राहिले.

"ताई, मानेवर श्वास सोडू नका. उंदराच्या आधी मीच दगावेन."

"चालू द्या तुमचं."

हात सफाईदार. थेंब वाया नाही. आधी आजारी उंदीर, कारण ते वाट पाहत नाहीत, मध्येच दगावतात, मग धडधाकट. भरलेली नळी स्टँडमध्ये, की पुढचा पिंजरा. मी वेळ टिपत होते. पहिली नळी दोन वाजून पाच, शेवटची तीनला.

"आणि टोपणं?"

"ती तुमच्याकडे ना!"

ट्रेमध्ये सोळा टोपणं ओळीत, माझ्या अक्षरातले नंबर मिरवत. शाई पुसली जाते म्हणून नियम मीच केला होता: टोपणांना कुणी हात लावू नये, शेवटी मी लावीन. म्हणजे पहिली नळी पंचावन्न मिनिटं उघडी, शेवटची जवळपास नाहीच. वायू उडून जातो, हे मी परीक्षेतसुद्धा लिहिलंय.

"काका, बोलला का नाहीत?"

"बोललो होतो. तुम्ही म्हणालात, नियम म्हणजे नियम."

एकाच धडधाकट उंदराचं रक्त दोन नळ्यांत घेतलं. एक बंद, एक तासभर उघडी. उघडीतला आकडा निम्म्यावर आला.

मॅडमनी पत्र पुढे सरकवलं. मी सही केली नाही. काय झालं ते सांगितलं.

"म्हणजे तुझी दोन वर्षं?"

"गेली."

दुसऱ्या दिवशी नळी भरताच मी टोपण लावलं. काकांनी ती माझ्या हातातून घेतली आणि टोपण स्वतः दाबून पाहिलं.