सोजरबाईची काळवंडणारी केरसुणी

सकाळचे नऊ वाजले नव्हते तोवरच पत्रे तापले होते आणि सोजरबाईच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. मागवाल्या विणकरांच्या गल्ल्यांतून बायका आल्या होत्या, अक्कलकोटच्या पहिल्या एस.टी.नं दोन म्हाताऱ्या आल्या होत्या, आणि सगळ्यांचे डोळे ओट्यावरच्या एका केरसुणीवर खिळले होते.

केरसुणी साधीच, शिंदीच्या पानांची, बाजारात ढिगानं मिळते तसली. पण तिला लालभडक सुताचे वेढे घातले होते आणि तांदळाच्या राशीवर तिला देवासारखं निजवलं होतं. शेजारी पितळी वाटी, एक सुरी, परडीभर लिंबं आणि फडक्यानं तोंड बांधलेला तांब्या. त्या तांब्यात म्हणे गंगा होती, आणि दर लेकरामागं सोजरबाई केरसुणी शुद्ध करायला त्या ओल्या फडक्यावर टेकवून घ्यायची.

"तुमच्या घरातली लक्ष्मी केर काढती, माजी लक्ष्मी भूत काढती!" नातेपुत्याकडून आलेली सोजरबाई ओट्यावरून गरजली. "कुनाची नजर, कुनाची करनी, कुनाच्या सवतीचा तळतळाट, समदा केरच की! डाक्तर काय करतो? पोटात बगतो. आगं, पोट तर माजं बी बिगडतं!"

बायका हसल्या. महानंदाला हसू आलं नाही. तिच्या मांडीवर अकरा महिन्यांची गौरा निपचित पडली होती.

गौराला हगवण लागून आज तिसरा दिवस. पहिल्या दिवशी सासूच्या, निंगव्वाच्या, हट्टापायी महानंदा इथं आली ती मनात हसतच. इंटर सायन्सपर्यंत शिकलेली बाई ती, केरसुणीला काय भिणार? पण सोजरबाईनं गौराच्या पोटावरून केरसुणी फिरवली आणि महानंदाच्या डोळ्यांदेखत ते लाल सूत काळंनिळं पडलं. विटाळल्यासारखं. ते कसं झालं, याचं उत्तर तिच्यापाशी नव्हतं, आणि उत्तर नाही म्हटल्यावर भीतीनं तिथं घर केलं. नवरा भीमाशंकर चादरींचे गठ्ठे घेऊन हुबळीला गेलेला. विचारायचं तरी कुणाला?

"हिच्या अंगात तान्हेली बाई शिरलीया," सोजरबाईनं काल दुपारी बजावलं होतं. "पानी पाजलंस की ती पिती, पोरगी न्हाय. सूत तांबडंच ऱ्हाईस्तोवर थेंब द्यायचा न्हाय."

आणि दिला नव्हता. निंगव्वा पाळण्यापाशी राखणीला बसून राहिली होती हे खरं. पण निंगव्वा झोपलीही होती, आणि तेव्हाही महानंदानं दिला नव्हता. दूध नाही, पाणी नाही.

आता गौराची टाळू खोल गेली होती. रडताना तोंड वाकडं व्हायचं, डोळ्यांत पाणी यायचं नाही. कालपासून लंगोट कोरडा. पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती.

"माज्या ईरप्पाचं बी असंच झालं हुतं," शेजारी बसलेली कस्तुराबाई हळूच म्हणाली. चार वर्षांचा मुलगा गेल्या महिन्यात गेलेला. आता धाकटीला नजर लागू नये म्हणून ती इथं यायची. "दोन दिस सूत काळंच. तिसऱ्या दिशी तांबडंच ऱ्हायलं बग."

"मग?"

"मग काय. बाई म्हनली, गेली ती, पर जाताना लेकराला घिऊन गेली."

"महानंदाऽ! आन तिला," सोजरबाईची हाक आली.

महानंदानं गौराला ओट्यावर टेकवलं. सोजरबाईनं सुरीनं लिंबू कापलं, पुटपुटत गौराच्या उघड्या पोटावर पिळलं आणि वरून केरसुणी ओढली. एकदा, दोनदा, तीनदा. मग ती उंच धरली. सूत काळं पडलं होतं.

"अगं आई गं!" अंगणातून एकच आवाज उठला.

"अजून बसलीया रांड! आज बी पानी न्हाय."

उद्यापर्यंत! उद्यापर्यंत ही राहत नाही, हे महानंदाला स्वच्छ दिसत होतं. तिनं गौराला पदरात घ्यायला हात घातला आणि थबकली. तिच्या लाल पदरावर एक डाग होता. हरभऱ्याएवढा, काळानिळा, त्या सुतासारखाच. आता आपल्यालाही? पण डाग ओला होता. तिनं नाकाशी धरला. लिंबाचा वास. मघाशी लिंबू पिळताना उडालेला थेंब.

ती मागं बसलेल्या सासूकडं वळून म्हणाली, "आत्याबाई, पाडव्याला माझ्या ह्याच लुगड्यावर लोणच्याचा रस सांडला होता. तुम्ही किती बोललात मला."

"आता गं काय त्याचं?" निंगव्वा चिडली. "काँगो रंगाचं लुगडं त्ये. त्याला आंबट लागलं की काळं पडतंय, पोराटोरास्नी बी ठाव हाय."

"मग काय केलंत?"

"काय करतीस? धुन्याच्या सोड्यात बुचकळलं. झालं की परत तांब..."

निंगव्वाचा शब्द तोंडातच राहिला. उभा जन्म तिनं रंगाऱ्याच्या घरात काढला होता. तिनं केरसुणीकडं पाहिलं, मग लिंबाच्या फोडीकडं.

महानंदानं एका हातानं गौराला छातीशी धरलं आणि दुसऱ्या हातानं केरसुणी ओढून घेतली.

"लक्ष्मीला हात लावू नगंस! हात झडंल!" सोजरबाई किंचाळली.

"झडू दे." महानंदानं केरसुणी त्या बांधल्या तांब्यात खुपसली. ओलं फडकं सुटून पडलं, गंगा ओट्यावर सांडली, आणि केरसुणी वर आली ती लालभडक. मग तिनं उरलेली फोड ओट्याच्या कोरड्या राहिलेल्या फरशीवर पिळली आणि तिच्यावर केरसुणी घासली, चांगली रगडून. सूत काळं पडलं.

"बघा! आता ह्या फरशीच्या अंगात कोण शिरलंय? हिला कुणाची नजर लागली?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. निंगव्वा पुढं झाली, सांडलेल्या गंगेत बोट बुडवून तिनं ते चोळलं, जिभेला लावलं आणि थुंकली. "सोडा हाय की ह्यो! मायंदाळ सोडा! आगं सोजरे, आमच्याच रंगानं आमालाच रंगवतीस व्हय?"

सोजरबाईनं परडी उचलली, पण तोंड सोडलं नाही. "लई शिकलीस की गं! मग सांग, पोरगी का वाळली?"

"पाण्यावाचून!" महानंदा ओरडली, आणि आपलाच आवाज ऐकून धावत सुटली.

टांगेवाल्यानं दवाखान्यापर्यंत घोडा फेकला. नर्सला गौराची शीर सापडेना. तिसऱ्यांदा सुई टोचली तेव्हा सलाईन सुरू झालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाणी कधीपासून बंद आहे?"

"काल दुपारपासून."

"कुणी बंद केलं?"

निंगव्वानं मान खाली घातली. महानंदा म्हणाली, "मी."

"संध्याकाळी आणली असतीस तर मी काही करू शकले नसते," एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दिवस कलताना गौराच्या लंगोटाला ओल आली. निंगव्वा तो लंगोट हातात धरून भिंतीशी बसली आणि हुंदके देत राहिली.

तेवढ्यात कस्तुराबाई दारात दिसली. कडेवर धाकटी होती. ती आत आली नाही. उंबऱ्यातूनच विचारलं, "माज्या ईरप्पानं पानी मागितलं हुतं. दोनदा. म्या न्हाय दिलं. दिलं असतं तर... ऱ्हायला असता का गं?"

महानंदाच्या मनात आलं, खोटं बोलावं. नशिबाचं नाव घ्यावं, देवाचं घ्यावं. पण आज तिला खोट्याची चव कळली होती.

"बहुतेक राहिला असता, कस्तुराबाई."

कस्तुराबाईनं धाकटीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "कसं पाजायचं, सांग मला. नीट सांग. मी गल्लीत समद्यांस्नी सांगती."

"नर्सनं मला शिकवलं तसं सांगते. लिटरभर उकळून गार केलेलं पाणी. त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. घोट घोट. ओकलं तरी थोडं थांबून परत. अंगावरचं दूध तोडायचं नाही. आणि लेकरू मलूल झालं की थेट दवाखाना."

"सहा साखर, अर्धं मीठ," कस्तुराबाई पुटपुटली, आणि तेच म्हणत जिना उतरून गेली.

बायांनो, त्या अंगणात आपल्या डोळ्यांना दिसलं ते खोटं नव्हतं. सूत खरंच काळं पडलं होतं. ते का पडलं, एवढंच कुणी विचारलं नाही, आणि ज्या घरांत त्याचं उत्तर रोज सोड्यात बुचकळलं जातं तिथंही नाही. कुणी चमत्कार दाखवला तर बघा, जरूर बघा, पण त्याच्या हातांकडंही बघा. हगवण लागलेल्या लेकराला पाणी द्या. कुणी नको म्हणालं तर का म्हणून विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत पाजत राहा.