दारातली बाभूळ

नळदुर्गजवळच्या आमच्या गावात चर्चच्या दारात माझ्या बापानं, याकोब सुतारानं, बाभूळ लावली होती. शास्त्रात देवाचा कोश, त्याच्या आज्ञांची पेटी, बाभळीच्याच लाकडाची केली, म्हणून. चर्चचे पंच दानिएल मास्तर यांच्या डोळ्यांत ती कायम सलायची.

"प्रभूच्या डोक्यावर काट्यांचाच मुकुट घातला. असलं झाड दारात नगं," म्हणाले आणि तोडायला लावली. आबा, माझा बाप, तेव्हा अंथरुणाला खिळलेले. "रूथ, करवत चालतीय का गं?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. सुताराला करवत कळणार नाही होय? तीन आठवड्यांत ते गेले. मास्तरांचा सूड घ्यायचाच, हे मी आबांच्या मातीला उभी असतानाच ठरवलं.

"ओंडके ने सरपणाला," मास्तर मला म्हणाले. बाभळीच्या जागी त्यांनी शास्त्रातला लबानोनाचा गंधसरू म्हणून रोपवाटिकेतलं एक रोप लावलं. ते साधं सुरूचं होतं. मला दिसत होतं.

ओंडके मी जाळले नाहीत. कीड लागू नये म्हणून वर्षभर विहिरीत बुडवून ठेवले, मग सावलीत वाळवले. आबांचा रंधा आता माझ्या हातात होता. चर्चची जुनी वेदी वाळवीनं पोखरली होती. नवीचं काम माझ्याकडेच येणार होतं, आणि आलं.

"शलमोनाच्या मंदिरात शोभंल असं लाकूड वापर," मास्तरांनी बजावलं.

"त्याच्याहून जुनं, शास्त्रातलंच वापरते, मास्तर."

लई खूश झाले.

वेदीच्या समर्पणाला सोलापूरहून पाळकसाहेब आले. कोशाचा उतारा वाचायला घ्या, असं मीच त्यांना सुचवलं होतं. वाचायचा मान कायम मास्तरांचा. खणखणीत आवाजात वाचत ते 'बाभळीचं लाकूड' या शब्दांपाशी आले आणि अडखळले.

पाळकसाहेबांनी वेदीवरून हात फिरवला. "लाकूड कुठलं, रूथबाई?"

"बाभळीचं. ह्याच दारातलं. आबांनी लावलेली, मास्तरांनी तोडलेली."

सगळं चर्च मास्तरांकडे बघायला लागलं. पाळकसाहेब म्हणाले, "मग याहून योग्य लाकूड नाही," आणि वेदीपुढे गुडघे टेकायला सगळ्यांत आधी पंचांनाच बोलावलं.

मास्तरांनी टेकले. दर रविवारी टेकतात. मी पहिल्या बाकावर बसते आणि तेवढ्या प्रार्थनेला डोळे मिटत नाही.