मास्तरांची टोपी

"टोपीवर डोळा ठेव. बाकीचं मैदान बघायला बाकीचे दहा जण आहेत."

मास्तर बोलायचे तेव्हा वाटायचं, घशात वाळू भरलीय. मास्तर गेले, वाळू राहिली. दाढी करताना, बुटांच्या नाड्या बांधताना, बायको पाठमोरी उभी राहून केस विंचरत असताना तो आवाज त्याच्या कानात अजून करकरायचा.

मास्तरांनी त्याला फुटबॉलसाठी उचललं तेव्हा तो मालधक्क्यावर बापाबरोबर पोती वाहत होता. मांड्या दगडी, मान आखूड, डोळे गरीब. मास्तर म्हणाले, "डोळ्यांचं बघू नंतर. मांड्या चालतील." मग मैदानामागच्या झाडाला त्यांनी वाळूचं पोतं टांगलं. धावत यायचं, जमिनीवरून घसरत जायचं, बुटांचे खिळे पुढे करून पोत्यात घुसायचं. पोतं फाटलं की घरी. पहिल्या दिवशी पोतं तसंच राहिलं आणि त्याच्या नडग्या जांभळ्या झाल्या. पावसाळा सरेपर्यंत पोतं रोज फाटू लागलं. त्यातून वाळू भसाभसा सांडायची आणि मास्तर शांतपणे म्हणायचे, "हां. आता याच्या जागी माणूस आहे असं समज."

टोपीची भाषा सोपी होती. निळी, घामाने कडा पांढरट झालेली टोपी मास्तरांच्या डोक्यावर असली, तर सरळ खेळायचं. मागे सरकली, तर कोपर चालवायचं. आणि उतरली, तर समोरचा गडी पुन्हा उभा राहता कामा नये. पंचांना दिसायचा तो टक्कल पुसणारा एक म्हातारा.

लोकांनी त्याचं नाव कुऱ्हाड ठेवलं. त्याने गळपट्टीची हाडं मोडली, बरगड्या मोडल्या, एकाचा जबडा असा सरकवला की तो पुढे महिनाभर नळीने पेज पीत होता. त्याचेही दोन दात मैदानात पडले, नाक डावीकडे कललं ते कललंच. तो बाहेरगावी खेळायला उतरला की प्रेक्षक बाकांवर पाय आपटत गायचे,

कुऱ्हाड आली, कुऱ्हाड आली,
पायांनो रे, घरी पळा;
आईला सांगा, भात निववा,
पोर येईल लंगडत, बाळा.

त्याला ते गाणं आवडायचं. घरी गुणगुणायचासुद्धा.

मग एक अंतिम सामना आला आणि त्यात पाखरू आला. समोरच्या संघाचा उजव्या बगलेचा गडी, अंगाने काडी, पण चेंडू पायाला दोऱ्याने बांधल्यासारखा. डाव्या खांद्याने हूल द्यायचा, कमरेत वाकायचा, आणि तुम्ही डावीकडे झुकलात की उजवीकडून वाऱ्यासारखा निघून जायचा. दोनदा गेला. तिसऱ्यांदा खांदा हलला तेव्हा कुऱ्हाडीने बाकाकडे पाहिलं. मास्तर टक्कल पुसत होते.

चेंडू कधीच पुढे गेला होता. कुऱ्हाड गुडघ्यात शिरली. दाराची कडी तुटावी तसा आवाज झाला. पाखरू ओरडला नाही. आपला पाय भलत्याच दिशेला वळलेला बघून तो नुसता म्हणाला, "अरे, हा कुणाचा?"

दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड इस्पितळात गेला, संत्री घेऊन. पलंगापाशी पाखराची बहीण बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, पेला उचलला आणि फेकला. स्टीलचा पेला, पाण्याने भरलेला. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं, संत्री पलंगाखाली घरंगळली. त्याच डोळ्याने तिच्याकडे बघत तो म्हणाला, "चुकून लागला हो. मी चेंडूसाठीच गेलो होतो."

तिच्याशी बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य. ती रडायला लागली, मग तिनेच आपल्या पदराने त्याची भुवई दाबून धरली. लग्न त्या पदरातूनच झालं म्हणायचं. पाखरू पुढे किल्ल्या बनवायच्या दुकानात बसला, न वाकणारा पाय पुढे लांब करून. त्याला पाखरू म्हणायचं सगळ्यांनीच सोडलं. कोणी पायाची चौकशी केली की तो कानशीवरची नजर न काढता म्हणायचा, "खेळात होतं असं. भाऊजी चेंडूसाठीच आले होते."

हे वाक्य कुऱ्हाडीने घरच्या जेवणात किती वेळा घासाबरोबर गिळलं असेल, त्याचं त्यालाच ठाऊक.

मास्तर गेले तेव्हा क्लबने त्याला प्रशिक्षक केलं, आणि मास्तरांच्या घरच्यांनी टोपी आणून दिली. त्याने ती घातली. झाडाला पोतं टांगलं. संघ खालच्या गटात घसरायला आला त्या हंगामात टोपी उतरलीही, आणि एका परक्या पोराचा घोटा उलटा फिरला. संघ तरला. बचावाला त्याने एक उंच, आडदांड गडी घडवला होता, खांब म्हणायचे त्याला. खांबाला आईबाप नव्हते. सर म्हणतील ते खरं, एवढंच त्याला कळायचं. पोतं फाडल्यावर तो वाळूने माखलेल्या तोंडाने विचारायचा, "बरं फाटलं का, सर?"

आणि मग ज्याची धास्ती होती ते झालं. पाखराचा मुलगा समोरच्या संघात आला. उजव्या बगलेला.

सामन्याच्या दिवशी कुऱ्हाडीने टोपी कपाळावर घट्ट ओढून बसवली. आज हात लावायचा नाही, बस. वर बाकांवर बायको आणि मेहुणा शेजारी शेजारी बसले होते, मेहुण्याची काठी पुढच्या कठड्याला टेकवलेली.

पहिल्या अर्ध्यातच भाच्याने खांबाला दोनदा जमिनीवर लोळवलं. मध्यंतरात खोलीत मालिशच्या मलमाचा उग्र वास, कुणाच्या तरी नाकातून रक्त, आणि खांब भिंतीवर बूट आपटत होता.

"सर, टोपी आज चिकटवलीय की काय डोक्याला?"

"डोक्यावर आहे ती बरी आहे."

"बरीच असणार. भाच्याचे लाड आहेत ना."

पोरं हसली. एकजण म्हणाला, "खांबा, तू पण भाचा हो, म्हणजे तुलाही पेढा मिळेल." पुन्हा हशा.

तेव्हा बोलायला हवं होतं. आज टोपीला काही अर्थ नाही, तिच्याकडे बघूच नकोस, एवढंच. पण त्या हशाने त्याचे कान तापले. तो म्हणाला, "तू तुझं काम कर."

दुसऱ्या अर्ध्यात भाच्याला मैदानाच्या मध्यावर चेंडू मिळाला. एकाला मागे टाकलं, दुसऱ्याच्या पायांमधून काढला. मग खांब समोर आला आणि पोराचा डावा खांदा हलला.

ती चाल कुऱ्हाडीने त्या अंतिम सामन्यात पाहिली होती. तिसऱ्या वेळी ती अर्ध्यावर थांबली, कारण त्यानेच ती अर्ध्यावर कापली होती. आज ती पुरी झाली. खांदा डावीकडे, कंबर खाली, आणि पोर उजवीकडून पाण्यासारखं निघालं, चेंडू जाळ्यात गेला. कुऱ्हाडीचा हात आपोआप वर गेला. डोकं उघडं पडलं. टोपी छातीशी धरून तो उभा राहिला. डोळे भरून आले होते.

ते भरलेले डोळे खांबाला इतक्या लांबून दिसले नाहीत. त्याला टोपी दिसली. त्याने मान हलवली.

ती मान हललेली कुऱ्हाडीने पाहिली. टोपी डोक्यावर कोंबत तो रेषेवर धावला, "नाही रे, नाही, खांबा." गोलाच्या जल्लोषात त्याचा आवाज त्याला स्वतःलाही ऐकू आला नाही. खेळ सुरू झाला. चेंडू भाच्याकडे गेला, भाच्याने तो पुढे ढकलला, आणि खांब लांबून घसरत आला, खिळे पुढे, जसं पोत्यात शिरावं तसा. नडगी मोडली. मोज्यातून हाडाचं टोक वर आलं, पांढरं, आणि मग लाल.

मग मैदान पेटलं. समोरच्या कर्णधाराने खांबाच्या तोंडावर बुक्की घातली, कुणी कुणाच्या गळ्याला लोंबकळलं, वरून बाटल्या आल्या, एक पंचाच्या कानाला लागून फुटली. कुऱ्हाड घुसला तो पोराला झाकायला. त्याच्या पाठीवर लाथा बसत होत्या आणि खाली पोर दात आवळून म्हणत होतं, "काका, बाबांना खाली येऊ देऊ नका. पायऱ्या आहेत."

इस्पितळाच्या बोळात तिघं बाकावर बसले. आत पोराच्या पायात सळई घालत होते. बोळाच्या टोकाला खांब उभा होता, ओठ फाटलेला, अंगात अजून मळका गणवेश. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

मेहुणा काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत म्हणाला, "भाऊजी, मनाला लावून घेऊ नका. खेळात होतं असं."

बायकोने त्याच्या फुटलेल्या कोपराला रुमाल बांधला. "गोल झाल्यावर तू टोपी काढलीस ना, मी वरून पाहिलं. बरं वाटलं रे. म्हटलं, याला कौतुक आहे पोराचं."

खांब पुढे आला. सरांकडे त्याने एकदाच पाहिलं, विश्वासाने, जणू पोतं फाडून आलाय. मग मेहुण्यासमोर मान खाली घालून उभा राहिला.

"चुकून लागला हो," तो म्हणाला. "मी चेंडूसाठीच गेलो होतो."

मेहुण्याने हात पुढे करून त्याच्या दंडावर ठेवला. "माहितीये रे, बाळा. बस, रक्त पूस ते."

सगळं मिटलं होतं. कुणालाच काही नको होतं त्याच्याकडून. फक्त गप्प बसायचं, आणि ते तर त्याला इतकी वर्षं जमलं होतं. तो खांबाच्या फाटक्या ओठाकडे बघत राहिला. त्या ओठांतून आपलंच वाक्य बाहेर पडताना त्याने ऐकलं होतं, शब्दाला शब्द. हे पोरगंही आता ते घेऊन घरी जाणार, आणि जेवायला बसणार.

त्याने टोपी काढून मेहुण्याच्या न वाकणाऱ्या पायावर ठेवली.

"हा चेंडूसाठी गेला नव्हता," तो म्हणाला. "ही टोपी उतरली की माणूस पाडायचा, असं मीच याला शिकवलंय. आज मी कौतुकानेच काढली होती, पण याला ते कसं कळावं. मलासुद्धा मास्तरांनी हेच शिकवलं होतं." बायकोचा हात रुमालाच्या गाठीवर थांबला. तो तिच्याकडे वळला, मग मेहुण्याकडे. "त्या दिवशी मास्तरांनी टोपी काढली, मी ती पाहिली, आणि मग तुझ्या गुडघ्यात घुसलो. पाखरा, मी तुझ्या पायासाठीच आलो होतो."