जयरामशेट यांजकडून

शहापूरच्या बाजारपेठेत रोख सोडून काहीही मागावं, कुणी हात आखडता घेत नाही. कॉलेजच्या नाटकवाल्या पोरांना हे दोन हजार चारच्या हिवाळ्यात कळलं. त्यांची एकांकिका ठाण्याच्या अंतिम फेरीत पोचली होती आणि एरवी इतिहास शिकवणारे शेखर सर त्यांना घेऊन दुकानांच्या पायऱ्या झिजवत होते. रंगवाल्याने दोन डबे दिले. उघडले तर आतला रंग दगड झालेला. कापडवाल्याने पडद्यासाठी अख्खा तागा दिला, तो कुठल्याच लग्नसराईत न खपलेला पोपटी. वडापाववाला नवसू म्हणाला, तालमीच्या दिवशी पोरांचं खाणं माझ्याकडे. फक्त खायचं ते गाडीसमोर उभं राहून आणि खाताना नाटकाबद्दल जरा मोठ्याने बोलायचं. यात फसवाफसवी कुणाचीच नव्हती. देणाऱ्याने आपला हिशेब देण्याआधी केलेला होता, एवढंच.

अडलं ते टेम्पोपाशी. नाटकात स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्याची पाइपलाइन होती, पत्र्याची पिंपं एकाला एक जोडून केलेली. ती एसटीत मावत नव्हती. टेम्पो नाही तर ठाणं नाही, हे सरळ होतं.

नाटक लिहिलेलं किन्हवलीच्या कुणालीने. ती शेवटच्या वर्षाला होती आणि त्यातली ठकीही तीच करायची. गोष्ट आमच्याकडे कुणालाही तोंडपाठ असावी अशी: मुंबईला जाणारं पाणी गावाशेजारून जातं आणि गाव कोरडं. शेवटी ठकी रिकामा हंडा खाली ठेवते, पाइपाला कान लावते आणि आतून वाहणारं पाणी ऐकत राहते. बोलणं नाही, वाजवणं नाही. पहिल्या फेरीत परीक्षकांनी त्या शांततेचंच कौतुक केलं होतं. तालमीत तिथे कुणी नुसतं खोकलं तरी कुणाली सगळा प्रवेश पहिल्यापासून घ्यायला लावायची.

टेम्पो होता जयरामशेटकडे. तीन वीटभट्ट्या, दोन टेम्पो, आणि प्रत्येक विटेवर ठसठशीत ‘जरा’. म्हणजे जयराम रामा. लोक ‘जराशी वीट’ म्हणून हसायचे, पण विकत तीच घ्यायचे.

सरांचं छापील पत्रक शेटने हातभर लांब धरून वाचलं.

“सर, ह्यो प्रायोजक म्हंजे कोण? देणगीदारच ना?”

“थोडा फरक आहे,” सर उत्साहाने म्हणाले. “देणगीदार नुसतं देतो. प्रायोजकाला बदल्यात काही मिळतं.”

इथे सरांनी आपणहून गळ गिळला. शेट सरसावून बसला.

“काय मिळतं?”

“पत्रकावर नाव, बाहेर बॅनर...”

“कागद कोन वाचतो? तुमचंच मी आत्ता जबरदस्तीनं वाचलं. आमच्या बोहाड्यात कसं, सोंग नाचत असतं, कुणी बक्षीस दिलं की वाजप थांबतं आनि नाव पुकारतात. अमुक यांजकडून एकावन्न. सारा गाव ऐकतो. तसं पुकारा, टेम्पो तुमचा.”

“नाटकाच्या मध्येच?” सरांचा आवाज चिरकला.

“आदी तालीम बघतो. मग सांगतो कुठं.”

शेट खरोखरच आला. पहिल्या ओळीपासून डोळे मिटून बसलेला. सगळ्यांना वाटलं झोपला. ठकीने पाइपाला कान लावला तसे त्याचे डोळे उघडले.

“इथं,” तो म्हणाला. “इथं पुकारा. बाकी टायमाला लय गलका हाय. इथं टाचणी पडली तरी ऐकू येल.”

सर तावातावाने बाहेर गेले. कुणाली हंड्याशीच बसून राहिली. माणसाने अख्ख्या नाटकात नेमकी तीच जागा हेरली होती, जी परीक्षकांनी हेरली होती. याचा राग करावा की काय करावं, हे तिला कळेना.

“एकदाच,” ती अखेर म्हणाली. “आनि हसत नाय पुकारायचं. बोहाड्यात पुकारतात तसंच.”

“मंग! हसन्यावारी नाव कोन घेतो?”

ठाण्याच्या नाट्यगृहात शेट तिसऱ्या रांगेत होता, नव्या सफारीत, शेजारी बायको ताराबाई. नाटक छान रंगलं. ठकीने कान लावला. सगळं थांबलं. आणि विंगेतून पोरांतल्या रितेशने, जसं शिकवलं होतं तसं, खणखणीत पुकारलं:

“जयरामशेट वीटभट्टीवाले, शहापूर, यांजकडून... एक टेम्पो!”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळं सभागृह. शेट मान वळवून बघायला लागला, कोण हसतंय ते. पण ठकीने कान काढला नव्हता. तिने पापणीही हलवली नाही. हसणारे एकेक करून ओशाळले, आणि त्यानंतर जी शांतता पडली ती तालमीत एकदाही पडली नव्हती.

लेखनाचं पहिलं बक्षीस कुणालीला मिळालं. परीक्षक माइकवर म्हणाले, “गाव तहानलेलं असताना स्वतःचं नाव पुकारून घेणारा तो शेट! काय झणझणीत चपराक आहे! हे सुचलं कसं तुम्हाला?”

माइक पुढे आला. सर खालून डोळ्यांनी खुणावत होते: चिंतनातून, म्हण चिंतनातून.

“मला नाय सुचलं,” कुणाली म्हणाली. “ती जागा जयरामशेटनी दाखवली. तिसऱ्या रांगेत बसलेत.”

लोकांना वाटलं हा यांचा दिग्दर्शक. टाळ्यांचा कडकडाट झाला. शेट उठला, चारी दिशांना हात जोडले आणि बसला.

परतताना टेम्पो शेटच चालवत होता. पोरं आणि सर मागे पिंपांमध्ये. पुढे ताराबाई आणि कुणाली. भिवंडीचा बायपास सुटला तेव्हा शेटने विचारलं.

“ती चपराक म्हंजे, कोनाला?”

कुणालीला उत्तर तयार मिळालं असतं. व्यवस्थेला म्हणायचं, सर नेहमी म्हणत तसं, आणि खालच्या वर्गातल्या पोरांना पुढल्या सालीही टेम्पो मिळाला असता.

“तुमाला, शेट.”

“आनि टाळ्या?”

“त्या पन तुमालाच.”

“एकाच मानसाला दोन्ही?”

“मी तीस वर्सं तेच करतंय,” ताराबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली.

शेटला हसू आलं नाही. पडघा मागे पडलं.

“भट्टीवर माझ्याकडं पन येतात गो बाया, हंडे घेऊन.”

“म्हायत हाय. माझी आत्या यायची.”

“मी देतो ना पानी?”

“कदी कदी.”

शेटने गिअर बदलला, गरज नसताना. मागे पिंपं एकमेकांवर आदळली आणि सर काहीतरी ओरडले.

आसनगाव जवळ आलं तेव्हा कुणालीने विचारलं, कारण विचारणं भागच होतं, “शेट, फुडल्या म्हयन्यात मुरबाडला प्रयोग हाय. टेम्पो...”

“येल.”

“आनि नाव?”

ताराबाईने बाहेर बघणं सोडलं.

“पुकार,” तो म्हणाला. “त्याच जागी. पन मला शेवटच्या रांगेत बसव. कोन हसतंय ते मान न वळवता दिसलं पायजे.”